पिवळी आळी आणि जांभळा ठिपका

आमच्या आळीला नगरपालिकेच्या नकाशात पिवळा रंग मी माझ्या हातानं दिला. ब्रश माझा, वाटी माझी, हातही माझा. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष द्यायला दुसरा माणूस शोधायची सोय उरली नाही, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. कुलाबा जिल्ह्यातलं, समुद्राला लागून असलेलं आमचं गाव तेव्हा नुकतंच स्वतःला शहर म्हणवून घ्यायला लागलं होतं. एस.टी.च्या थांब्याचा स्टँड झाला, कचेऱ्या वाढल्या, आतल्या खेड्यांतून नोकरीला माणसं येऊ लागली. त्यांना राहायला खोल्या, जेवायला खानावळी आणि शर्टाला शिंपी हवे होते. हे सगळं जिथे जागा मिळेल तिथे झालं, म्हणजे लोकांच्या घरांत झालं. राहायची जागा वेगळी आणि धंद्याची जागा वेगळी असते, हे आमच्या आळीत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुढे पडवीत धंदा, मागे माजघरात संसार, त्यामागे विहीर आणि चार नारळ, असं प्रत्येकाचं होतं.

आळीच्या तोंडाशी सोडावॉटरवाला होता. त्याच्या पडवीत गोटीच्या बाटल्या भरायचं चाकाचं यंत्र होतं आणि ते चालू झालं की त्याच्या बायकोला मोठ्यानं बोलावं लागे. पुढे बंद झालं तरी ती मोठ्यानंच बोलत असे. त्याच्या पलीकडे शिंपी. मग पोह्यांची भट्टी, आणि भट्टीला भिंत लागून, शेवटी, आमचं घर. वडील गेल्यावर आईनं पडवीत आठ जणांची खानावळ काढली होती. कोर्टातले कारकून, शाळेतले दोन मास्तर आणि नगरपालिकेचा हेडक्लार्क अशी ती आठ माणसं. हेडक्लार्क कचेरीत माझा वरिष्ठ. सकाळी तो मला सगळ्यांदेखत झापायचा आणि दुपारी आमच्याच पाटावर बसून आईकडे आणखी वाटीभर ताक मागायचा.

मी तेवीस वर्षांचा होतो आणि नगरपालिकेत ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून त्याच रेघा शाईनं पुन्हा काढणारा माणूस. हे काम काय आहे ते कळायला दोन मिनिटं लागतात आणि यायला दोन वर्षं. मला ते आलं होतं आणि त्याचा मला माज होता.

भट्टी चालवणारी बाई पन्नाशीच्या पुढची. सगळी आळी तिला काकी म्हणायची. नवरा गेलेला, एकुलती मुलगी थळला दिलेली. तिच्याकडे पाच-सहा बायका पोहे कांडायला यायच्या. त्यांची तान्ही पोरं पडवीच्या वाशाला टांगलेल्या झोळ्यांत असायची, आणि एखादं रडलं की जिचं असेल ती मुसळ खाली ठेवून झोका देऊन यायची. भट्टी उजाडायच्या आत पेटे. जळण म्हणून भाताचं तूस. तूस फुकट मिळतं, आणि धूरही ते हात सैल सोडून देतं. तो सगळा धूर आमच्या खिडकीतून आत येत असे, कारण वारा समुद्राकडून येतो आणि समुद्राच्या आणि आमच्या मध्ये काकी होती.

एकदा नव्या नळयोजनेचा नकाशा मी घरी आणला. पंधरा दिवसांचं काम. शेवटची रेघ ओढली, खिडकीशी सुकत ठेवला आणि जेवायला बसलो. येऊन बघतो तर साऱ्या गावावर तुसाची काजळी पडलेली. ती फुंकरीनं उडवायचं सोडून मी हातानं झटकायला गेलो, आणि बंदरापासून देवळापर्यंत एक काळा पट्टा ओढला गेला. तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच नकाशा घेऊन काकीच्या पडवीत उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. सगळ्या बायकांची मुसळं थांबली. काकी कढईतला झारा हलवत राहिली.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुझा कागद उद्या नवा येईल. हे हात बघ माझे. हे काय नवे येयाचे न्हाईत."

हात कोपरापर्यंत भाजून भाजून काळे पडले होते. ते बघून मी आणखीनच रागावलो आणि निघून आलो. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र दर चार-सहा दिवसांनी आईकडे गरम पोहे पाठवत राहिली, आणि ते मी खात राहिलो. माझं भांडण तिच्याशी होतं, पोह्यांशी नव्हतं.

अशात पुण्याहून नगररचनेचे साहेब आले. तिशीतले, विलायतेत शिकून आलेले, बोलायला गोड आणि मनानं अगदी सरळ. गावाची वाढ नीट व्हावी म्हणून आराखडा करायचा होता. त्यांचं सांगणं असं की माणसानं झोपतो तिथे कमवू नये आणि कमवतो तिथे झोपू नये. यातला दुसरा भाग आमच्या कचेरीला अगदीच नवीन होता. राहत्या घरांना पिवळा रंग द्यायचा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा आणि बागांना हिरवा. एका रंगात दुसरा येऊ द्यायचा नाही. कारखाने सगळे गावाबाहेर, मिठागरांच्या अलीकडे, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणालगत हलवायचे. साहेबांनी माझं काम पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा हात फार चांगला आहे. पुण्याला आमच्याकडे ट्रेसरची जागा निघेल, मी तुमचं नाव लक्षात ठेवतो." तेवढ्यावर मी मनातल्या मनात पुण्यात खोलीसुद्धा घेतली.

आराखड्याआधी पाहणी करायची होती. प्रत्येक घरात जाऊन तिथे काय चालतं ते लिहून घ्यायचं. आमच्या आळीची पाळी कधी आहे ते मला आदल्या दिवशी कळलं, आणि मी घरी येऊन ते आळीत सांगितलं. सांगू नये हे मला समजत होतं. पण आपल्याला आधी कळलं आहे, हे लोकांना कळल्यावाचून राहवत नाही.

आता आळीनं काय केलं ते सांगायचं तर आधीची सवय सांगायला हवी. युद्धाच्या दिवसांत आणि त्यानंतरही काही वर्षं धान्यावर नियंत्रण होतं. घरात तांदूळ किती आहे ते बघायला सरकारची माणसं यायची. तेव्हापासून आळीचा हात बसला होता. माणूस कोपऱ्यावर दिसला की सोडावॉटरवाला दोन बाटल्यांच्या गोट्या पाठोपाठ फोडायचा, आणि तो फटफट आवाज आला की पोती गवताखाली जायची, पिंपं उपडी व्हायची आणि आळी गरीब दिसू लागायची. नियंत्रण उठलं, तरी हात तयारच राहिला. साहेब फीत आणि वही घेऊन येणार म्हटल्यावर कोणी कसली चौकशी केली नाही. लिहून घेणार म्हणजे कर लावणार, एवढं सगळ्यांना एकमतानं समजलं.

मी तिन्हीसांजेला दारोदार हिंडून सांगितलं. या बाजूची घरं केली, त्या बाजूची केली, आईनं शिंप्याकडे विसरलेली पिशवी आणायला पुन्हा पाठवलं तेव्हा उरलेली दोन केली. काकीच्या दारावरून तीनदा गेलो. तिच्याकडे गेलो नाही. घाईत राहून गेलं, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत असे, पण ते खरं नाही. धूर कसा लागतो ते जरा तिलाही कळू दे, असं माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मी आळीत शिरलो. दोन गोट्या फुटल्या. साहेब दचकले आणि मी नवा असल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

सोडावॉटरवाल्याकडे यंत्रावर गोधड्या टाकून वर लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या. इतक्या उंचावर लोणचं का, असं साहेबांनी विचारलं. मुंग्या, असं त्याची बायको ओरडून म्हणाली. शिंप्यानं मशिनीवर स्वच्छ पांढरं कापड घालून वर घरातले सगळे देव मांडले होते, समोर समई लावली होती, आणि स्वतः उघड्या अंगानं हात जोडून बसला होता. साहेबांनी बूट काढले, नमस्कार केला आणि तीर्थासाठी हात पुढे केला. शिंप्यानं तयारी सगळी केली होती, फक्त तीर्थ केलं नव्हतं. त्यानं शांतपणे समोरच्या तांब्यातलं पाणी दिलं. त्या तांब्यात तो इस्त्रीचं फडकं बुडवायचा, हे मला माहीत होतं. साहेबांनी ते डोळे मिटून घेतलं.

आमच्या घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि पंगत बसली होती. जेवणाऱ्यांना उपाशी ठेवणं आईला कुठल्याच सरकारसाठी जमलं नसतं. साहेबांनी विचारलं, "हे सगळे इथेच राहतात?"

आई म्हणाली, "हो. भाचे माझे."

"सगळे?"

"सगळे. माझ्या बहिणी पुष्कळ."

त्या भाच्यांपैकी एक मास्तर आईपेक्षा पाच वर्षांनी मोठे होते. हेडक्लार्कनं साहेबांबरोबर त्याच सकाळी चहा घेतला होता, त्यामुळे साहेबांचा आवाज ऐकताच तो हातातला घास टाकून मोरीत शिरला, आणि साहेब जाईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहिला. साहेबांना तहान लागली होती. मी विहिरीवर पोहरा सोडला तर दोराबरोबर बाटल्यांनी भरलेली करंडी वर आली. सोडावॉटरवाल्यानं आपला माल रातोरात आमच्या विहिरीत उतरवला होता आणि मलाही सांगितलं नव्हतं.

"पाहुण्यांसाठी थंड करायला ठेवतो आम्ही," आई म्हणाली.

साहेब सोडा प्यायले. गावातली माणसं किती अगत्यशील आहेत, असं ते मला बाहेर आल्यावर म्हणाले. वहीत त्यांनी लिहिलं, वस्ती दाट, उपयोग केवळ रहिवास.

मग येताना मी ओलांडून आणलेल्या भट्टीत आम्ही मागे वळून गेलो. तिथे भट्टी पेटलेली, मुसळं चाललेली, झोळीतलं एक पोर रडत असलेलं, आणि धूर इतका की साहेबांना दार शोधावं लागलं. काकीनं हात पुसून त्यांना पाट दिला आणि विचारलं ते सगळं सांगितलं. दिवसाला भात किती, बायका किती, तूस कुठून येतं, पोहे कुठे जातात, सगळं. साहेबांना सकाळपासून पहिल्यांदा सरळ उत्तरं मिळत होती. त्यांनी ती मन लावून लिहून घेतली. मी धुरात उभा राहून तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मात्र मला दिसलं. त्यांनी लिहिलं होतं, कारखाना.

नकाशा मी रंगवला. सगळी आळी पिवळी, आणि तिच्यात एकच जांभळा ठिपका. रंगकाम म्हणून ते फार सुरेख झालं होतं.

महिनाभरात भट्टीच्या दारावर नोटीस लागली. रहिवासी भागातला कारखाना वर्षाच्या आत खाजणालगतच्या जागेत हलवावा, हरकत असल्यास अमुक दिवशी सभेत मांडावी. वाचून मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. आता खिडकीशी कागद पसरता येईल, हा माझा पहिला विचार होता. दुसरा विचार यायला चारेक दिवस लागले. आई जेवताना सहज म्हणाली, "खाजणात ती पोहे करणार कसे? भरतीचं पाणी भट्टीशी येतं, आणि त्या ओल्या हवेत पोहा दुपारपर्यंत मऊ पडतो. शिवाय त्या बायका तान्ही पोरं घेऊन दोन मैल कशा जातील? भट्टी बंदच पडेल ती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळ्यांनी लपवलं आणि तिलाच कसं कोणी सांगितलं नाही?"

मी ताक प्यायलो.

त्याच सुमाराला आळीलाही चटके बसू लागले. शिंप्यानं दुसऱ्या मशिनीसाठी अर्ज केला, तो परत आला. कारण, पिवळा भाग. सोडावॉटरवाल्याचा परवाना नवा होईना. कारण, पिवळा भाग. आईच्या खानावळीची चौकशी आली, आणि त्या कागदावर सही कोणाची, तर हेडक्लार्कची. तो कागद त्यानं सकाळी पाठवला आणि दुपारी जेवायला आला. आईनं त्या दिवशी त्याला ताक वाढलं नाही.

संध्याकाळी सगळे आमच्या पडवीत जमले आणि माझ्यावर तुटून पडले. पिवळा रंग दिला कोणी? मी. मग पुसायचा कोणी? मी म्हटलं, रंग कापडावर बसला आहे, पुसता येत नाही.

"मग त्याच्यावर थोडा निळा टाक," शिंपी म्हणाला. "दुकानांचा निळा ना? पिवळ्यावर निळा दे हलकासा. दोन्ही आलं त्यात."

मला ते पटलं, यावरून माझी मनःस्थिती ध्यानात यावी. दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणी नसताना मी एका जुन्या तुकड्यावर पिवळा देऊन वर निळा फिरवून पाहिला. तो हिरवा झाला. म्हणजे आळीतली सगळी घरं उठवून तिथे सार्वजनिक बाग होणार होती. मी तो तुकडा फाडून खिशात घातला. घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणाली की सरकारी बागेत निदान माळ्याची तरी नोकरी असते. तिला खरोखर हसू येत होतं की ती माझ्यावर चिडली होती, ते मला कळलं नाही.

हरकती ऐकायच्या दिवशी नगरपालिकेची खोली गच्च भरली. साहेब टेबलामागे, त्यांच्या शेजारी मी नकाशाची गुंडाळी धरून, आणि पलीकडे हेडक्लार्क नावं पुकारायला. भट्टीचा क्रमांक आला तशी काकी उठली. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि एवढ्या माणसांत बोलायची सवय नसल्यानं ती भिंतीकडे बघून बोलत होती.

"साहेब, तुम्ही आलात तेव्हा इचारलंत ते मी सांगितलं. खोटं काय बोलले न्हाय. आता खाजणात जा म्हणता. तिकडे धंदा हुणार न्हाय. मला एकटीला कसंही पुरंल, पण ह्या बायकांचं काय? त्यांची घरं चालतात ह्याच्यावर."

साहेबांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या खरेपणाबद्दल मला आदर आहे. पण त्या आळीत सगळी राहती घरं आहेत. कारखाना एकट्या तुमचा. एकासाठी सगळ्यांनी धूर का सोसायचा?" मग खोलीकडे बघून त्यांनी विचारलं, "आळीतल्या कोणाला काही सांगायचं आहे?"

कोणी हलेना. आपल्या घरात धंदा आहे असं म्हणावं तर कर, शिवाय सरकारी माणसाशी खोटं बोलल्याचा गुन्हा. काकी उभीच होती. अखेर शिंपी उठला. मला वाटलं, सुटलो.

तो म्हणाला, "साहेब, माझ्याकडे तसं काही नाही. पण सोडावॉटरवाल्याकडे यंत्र आहे. लोणच्याखाली."

सोडावॉटरवाला ताडकन उठून म्हणाला की यंत्राचं त्याला काही माहीत नाही, पण शिंप्याच्या देवाखाली मशीन आहे आणि देव तिच्यावर बसून कंटाळले असतील. मग एकेक जण उठू लागला. स्वतःच्या घरात धंदा आहे असं एकानंही म्हटलं नाही, शेजारच्याच्या घरात आहे असं सगळ्यांनी म्हटलं. पाच मिनिटांत सगळी आळी उघडी पडली, आणि कोणीही काही कबूल केलेलं नव्हतं. आईबद्दल कोणी बोलेना, कारण तिच्या हातचं बहुतेकांनी खाल्लं होतं. तेव्हा ती आपण होऊन उठली आणि म्हणाली, "मला आठ भाचे नाहीत. एकही नाही. त्यातला एक तिथे बसून नावं पुकारतोय."

हेडक्लार्क कागद चाळू लागला. साहेबांचा चेहरा उतरला होता. आपण पायताण काढून कशाला नमस्कार केला, ते त्यांना आता समजत असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "मग मी आलो त्या दिवशी सगळे तयार कसे होतात?"

खोलीतल्या प्रत्येक माणसानं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं.

शेजारच्याचं नाव सांगायची आळीची पद्धत मला उपलब्ध नव्हती, कारण सगळ्यांचा शेजारी मीच होतो. मी उभा राहिलो. "मी सांगितलं त्यांना," मी म्हटलं. "आदल्या दिवशी, घरोघर जाऊन."

"ह्या बाईंना का नाही सांगितलं?"

असं विचारतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "त्यांच्या धुरानं माझा एक नकाशा खराब झाला होता," मी म्हणालो. "म्हणून."

मागे कोणीतरी हसलं. तेवीस वर्षांचा पगारी माणूस मी, आणि शाळेत बाकावर उभं केल्यासारखा त्या खोलीत उभा होतो. मी काकीकडे पाहिलं. ती माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघत होती. माझी लाज वाटायला मला तेवढं पुरलं, आणि ती लाज पुढे बरेच दिवस गेली नाही.

साहेब खरोखर सरळ माणूस. त्यांनी रागावून नकाशा फाडला नाही की आळीवर खटला भरला नाही. पाहणी पुन्हा करायची ठरवली, आणि या खेपेला आळीला त्यांनीच तारीख कळवली. जसं आहे तसं दाखवा, एवढंच सांगितलं. आळीला मात्र जसं आहे तसं दाखवता येत नाही. शिंप्यानं त्या दिवसापुरत्या मेहुण्याच्या दोन मशिनी आणून लावल्या. सोडावॉटरवाल्यानं रंगीत पाटी टांगली. एका घरात निवृत्त तलाठी राहत होते, त्यांच्याकडे धंदा असा काही नव्हताच. आपणच मागे पडतो असं वाटून त्यांनी ओट्यावर चार नारळ मांडले आणि साहेबांना किंमत सांगितली. साहेबांनी चारही घेतले. आमच्याकडे ते पंगतीला बसले, हेडक्लार्कच्या शेजारी, आणि दोघांनीही ताक मागितलं.

नव्या नकाशात आळीला पिवळा रंगच राहिला, पण त्यावर मी निळ्या शाईच्या तिरप्या रेघा ओढल्या, नुसता रंग न देता. राहतं घर आणि धंदा एकत्र, असा त्याचा अर्थ साहेबांनी नकाशाच्या कोपऱ्यात लिहिला. भट्टीला धुराडं घराच्या कौलांच्या वर नेण्याची अट घालून जागेवर राहू दिलं. पुण्याच्या जागेचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असेल.

हुकूम हातात आला त्या दिवशी तो मीच काकीला द्यायला गेलो. साहेबांबरोबरच्या पाहण्या सोडल्या तर तिच्या उंबऱ्याच्या आत मी वर्षानंतर पाय ठेवत होतो. दुपार होती, बायका घरी गेल्या होत्या, आणि ती सुपात पोहे पाखडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, बरं झालं. मग मी महिनाभर मनात घोकलेलं बोललो. माझ्यामुळे तुमच्यावर ही पाळी आली, मी सांगितलं असतं तर तुम्हीही आवरून ठेवलं असतं, माझं चुकलं. एवढं बोलताना मी चारदा अडखळलो.

काकी सूप हलवत म्हणाली, "तुला वाटतं, मला ठाऊक नव्हतं? शिंप्याची बायको त्याच संध्याकाळी सांगून गेली."

"मग भट्टी का पेटवलीत?"

"भात भिजत घातलेला हुता. भिजलेला भात दुसऱ्या दिशी भाजला न्हाय तर आंबतो. मग तो कोंबड्यासुद्धा खात न्हाईत. साहेब आला काय न् गेला काय, भात काय थांबतो?"

मी तिथेच पाटावर बसलो. म्हणजे माझ्या सांगण्या न सांगण्यानं काहीच बदललं नव्हतं. भर सभेत नाक कापून घेतलं, पुणं घालवलं, ते सगळं एका भिजलेल्या भातासाठी. मला हसू आलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मी तिला तसं म्हणालोही. म्हटलं, म्हणजे मी आलो नाही त्यानं तुमचं काही बिघडलं नाही.

तिनं सूप खाली ठेवलं.

"भट्टीचं न्हाय बिघडलं," ती म्हणाली. "तू तीनदा गेलास माझ्या दारावरून. मी आतून बघत हुते. शिंपीण सांगून गेली हुती, तरी मी काय बोलले न्हाय कुणाला. म्हटलं, भांडलाय माझ्याशी, पण ह्या गोष्टीला येईल. म्हणून बराच येळ दार लावलं न्हाय मी."